कोळशाच्या गावाहून डबक्याच्या शोधात

चंद्रपूरहून मुंबईला लोक दवाखान्यासाठी जातात, मंत्रालयात अडकलेल्या फायलीसाठी जातात, नाहीतर समुद्र बघायला. मी ऑगस्टमध्ये गेले ती डबकी बघायला. पावसाळी डबक्यांत आयसोएटिस नावाची, गवतासारखी दिसणारी, बिनफुलांची एक वनस्पती उगवते. बी.एस्सी.ला असताना तिच्या पानाचा आडवा छेद इतक्यांदा काढलाय की झोपेतून उठवलं तरी चार हवानळ्या आणि मधली एकुलती एक वाहिनी काढून दाखवीन. पण जिवंत झाड कधी पाहिलं नव्हतं. आमच्या कॉलेजात ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत असायचं, रंग उडालेलं, आणि बाटलीचं झाकण उघडलं की सगळ्या बॅचच्या डोळ्यांत पाणी.

एम.एस्सी.ची एक वर्गमैत्रीण आता मुंबईत शिकवते. तिचा फोन आला, "पाऊस छान लागलाय, डबकी भरलीत, नारळी पौर्णिमेच्या आत ये." मुलुंडला मावसबहीण, म्हणजे माझी ताई, आहे, त्यामुळे राहायची सोय होतीच. रजा टाकली आणि निघाले.

पहिला दिवस: धोबीतलाव आणि वरळी

जिवंत झाड बघण्याआधी वाळलेलं बघावं, असा मैत्रिणीचा आग्रह. म्हणून सकाळी सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये गेलो. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पाद्री. त्यांनी १९०६ साली हा संग्रह सुरू केला. मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर त्यांनी डि'आल्मेडा यांच्यासोबत १९२२मध्ये पुस्तकही काढलं. कपाटं उघडली की नॅफ्थलीनचा वास येतो आणि आवाज आपोआप खाली येतो.

आयसोएटिसच्या शीटवर मात्र बघण्यासारखं फारसं नसतं. दाबलेली तपकिरी पानं आणि एका कोपऱ्यात कागदाची छोटी पुडी. हवानळ्या चपट्या होऊन गेलेल्या. महत्त्वाचं असतं ते त्या पुडीत, म्हणजे बीजाणू: बी न धरणाऱ्या झाडांचे पुनरुत्पादनाचे बारीक कण. जगात आयसोएटिसच्या सुमारे २०० जाती आहेत आणि बहुतेक सगळ्यांची पानं एकासारखी एक. ओळख पटवायची तर महाबीजाणूच्या, म्हणजे मोठ्या मादी बीजाणूच्या, पृष्ठभागावरचे कंगोरे, उंचवटे बघावे लागतात, तेही शक्यतो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. त्यामुळे पुडी हरवलेली शीट म्हणजे आधारकार्ड हरवलेला माणूस.

(ज्यांना जायचं असेल त्यांनी आधी पत्र लिहून वेळ ठरवून घ्यावी. ही पर्यटनाची जागा नाही. पेन बाहेर ठेवा, पेन्सिल न्या.)

बाहेर पडलो तेव्हा आडवा पाऊस. छत्री उलटी झाली, दुरुस्त केली, पुन्हा उलटी झाली. शेवटी समोरच्या इराण्याकडे शिरलो. ब्रून मस्का आणि चहा. आमच्याकडे पाव म्हणजे आजारी माणसाचं खाणं, त्यामुळे इतक्या कडक पावावर इतकं लोणी थापून तो चहात बुडवायचा, हे मला पहिल्या घासापर्यंत पटलं नव्हतं. दुसरा मागवला.

तिथेच मैत्रिणीने डिवचलं, "तुमच्या चंद्रपूरचा कोळसा म्हणजे याच आयसोएटिसच्या खापरपणज्या, नाही का?"

हा गैरसमज पुष्कळ ठिकाणी छापूनही येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. आयसोएटिसच्या गोतावळ्यात लेपिडोडेन्ड्रॉन नावाची झाडं होऊन गेली. तीस मीटरहून उंच, खोडभर पानांच्या खुणांची नक्षी. कार्बोनिफेरस काळात, म्हणजे साधारण ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, युरोप-अमेरिकेच्या दलदलींत त्यांची जंगलं होती आणि तिकडचा बराचसा कोळसा त्यांचाच. आपला कोळसा त्यानंतरचा, पर्मियन काळातला. आमच्या वर्धा खोऱ्यातला घ्या की झारखंडमधल्या झरियाचा, तो मुख्यतः ग्लॉसॉप्टेरिस या बीजधारी झाडांचा आहे. तेव्हा आमच्या गावच्या धुळीचं खापर आयसोएटिसच्या पूर्वजांवर फोडू नये. मैत्रीण म्हणाली, "बरं बाई, तुझा कोळसा तुझ्याकडे." आणि बिल मला द्यायला लावलं.

संध्याकाळी वरळीला. लोक लाटा अंगावर घ्यायला उभे होते, आम्हीही राहिलो. वरळीच्या टेकडीतल्या खडकांत एका चिमुकल्या बेडकाचे जीवाश्म सापडले होते. रिचर्ड ओवेन यांनी १८४७मध्ये त्याचं वर्णन केलं, आज त्याला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. लाव्हाच्या दोन थरांमधल्या काळात इथे गोड्या पाण्याची डबकी-तळी साचत होती, त्यांतला तो रहिवासी. समोर खारा समुद्र, मागे कोट्यवधींचे फ्लॅट आणि पायाखाली बेडकाचं तळं. मुंबईत डबकी शोधायला आलेय म्हटल्यावर ताईच्या सोसायटीतले लोक हसले होते, पण डबकी इथली मूळ रहिवासी आहेत.

दुसरा दिवस: कान्हेरी

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, हे आधी सांगून ठेवते. बाकी दिवशी शक्य तितकं सकाळी जावं. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी तर अकरानंतर तिथे जत्रा असते.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. पण पावसात त्यांच्याइतकीच बघण्यासारखी असते ती पाण्याची व्यवस्था. कातळात कोरलेल्या पन्हळी, त्यांतून वाहत येणारं पाणी आणि लेण्यालेण्यापाशी भरलेल्या पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी. पोढी खोदून देणाऱ्या दात्यांचे शिलालेखही तिथे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पुण्य म्हणून टाकं खोदून दिलं आणि आज त्यात शेंगदाण्याची रिकामी पाकिटं तरंगतात, याचा राग आला. एक पोरगा टाकणार होता, त्याला मास्तरीण आवाजात हटकलं. त्याच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

कातळावरच्या खळग्यांत काय नव्हतं! गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, ओल्या भिंतींवर सेलाजिनेलाचे गालिचे. सेलाजिनेला ही आयसोएटिसची आज हयात असलेल्यांपैकी सर्वांत जवळची नातलग. पाहून कोण म्हणेल? एक नाजूक, फांद्याफांद्यांची, भिंतीला चिकटलेली, आणि दुसरी नुसता पानांचा झुपका. पण दोघींच्या पानाच्या मुळाशी लिग्यूल नावाचा एक चिमुकला पापुद्रा असतो आणि दोघीही दोन प्रकारचे बीजाणू बनवतात: मोठे मादी, छोटे नर.

आयसोएटिस मात्र मिळालं नाही. चार तास गुडघे टेकून झाल्यावर मैत्रिणीने निकाल दिला की इथल्या उतारावर पाणी फार पळतं. आयसोएटिसला पाणी साठून राहायला हवं आणि तळाला निदान बोटभर माती हवी. मला ते पटलं.

उतरताना दाराजवळ एका पाड्यातल्या मावशी कंटोळी आणि भारंगीचा पाला घेऊन बसल्या होत्या. भारंगी कशी करायची विचारलं, तर म्हणाल्या, "उकडून पाणी टाकायचा, दोनदा. नायतर तुमची पोरं खाणार नाय." ताईने श्रावण म्हणून कांदा-लसणाशिवाय केली, भिजवलेल्या वालाचे दाणे आणि भरपूर खोबरं घालून. कडू होती तरी भाच्याने दोनदा घेतली.

तिसरा दिवस: बदलापूरच्या पलीकडे

नेमकी जागा सांगणार नाही, त्याबद्दल कुणी रागावू नये. कातळावरची डबकी एका शनिवार-रविवारच्या गर्दीतही तुडवली जातात आणि अशा जागा हल्ली प्लॉटिंगच्या पाट्यांखाली वेगाने चालल्यात. बदलापूरला उतरून सहाआसनी रिक्षा, पुढे चालत, इतकं पुरे.

पाऊस थांबला होता आणि घाटाकडचे डोंगर इतके स्वच्छ दिसत होते की हात लावावा. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला काळा उघडा कातळ, आणि दोन्हींच्या मध्ये घोटाभर पाण्याचा सखल पट्टा. आम्ही ओणव्या होऊन गवत चाळत होतो. खाचरात बेणणी करणाऱ्या आजी बराच वेळ बघत होत्या. मग हाक आलीच.

"काय हरवलं का बाई? अंगठी?"

"नाही आजी, एक झाड शोधतोय. गवतासारखं असतं."

"गवत शोधायला मुंबैवरनं आल्यात!" त्या शेजारणीला म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून, "माझ्या खाचरात या, लय गवत हाय. बेणायला मानूस मिळत नाय."

हसून झाल्यावर मैत्रिणीने मोबाइलवरचा फोटो दाखवला. आजींनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि बांधाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "त्या म्हशी बसतात तिथं बघा. पावसात येतं, भात कापायच्या आधी सुकून जातं. खाली गड्डा ऱ्हातो."

तिथे होतं. पाण्यात अर्धवट बुडालेलं, कांद्याच्या पातीसारखं हिरवंगार, वीतभर उंच. एक दिसलं आणि मग नजर बसली तशी पाच, दहा, अख्खा कोपरा. मी इतकी वर्षं ज्याची आकृती काढत होते ते म्हशीच्या खुराच्या ठशात उगवलेलं होतं.

झाड उपटायचं नाही, असं ठरवून आलो होतो. सर्वांत बाहेरचं एक पान बुडापासून अलगद सोडवलं. बूड पसरट, पांढरं, आतून खोलगट, आणि त्या खोलगटात बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी. आजच्या वाहिनीधारी वनस्पतींमध्ये इतकी मोठी बीजाणुधानी दुसऱ्या कुणाची नाही. ती नखाने उघडली तर आत करडे दाणे, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे, तळहातावर वाळले तसे पांढरेशुभ्र झाले. हे महाबीजाणू. आतल्या बाजूच्या पानांत लघुबीजाणू असतात, लाखोंनी, नुसती पूड. एका लघुबीजाणूतून फक्त चार शुक्रपेशी तयार होतात. त्यांना पुष्कळ कशाभिका, म्हणजे पोहायला शेपटीसारखे तंतू, असतात आणि त्यांना पाण्यातून पोहत मादी बीजाणूपर्यंत जावं लागतं. म्हणून डबकं हवंच. फूल नाही, परागण नाही, बीजाणू उधळायची काही युक्तीसुद्धा नाही. पान कुजतं, बीजाणू चिखलात पडतात आणि चिखल ज्याच्या पायाला लागेल त्याच्यासोबत जातो. म्हशी तिथेच का, याचं उत्तर बहुधा यात आहे.

ब्लेडने पान आडवं कापलं. चार नळ्या, मधे एक वाहिनी. आकृती बरोबर काढत होते म्हणायची!

दुपारचं ऊन आलं तेव्हा डबकं कोमट झालं होतं आणि शेवाळातून बुडबुडे सुटत होते. मैत्रीण म्हणाली, आता या पाण्यात कार्बन डायऑक्साइड जवळपास संपला असेल. उथळ डबक्यात सगळ्या हिरव्या वनस्पती सकाळपासून त्यावर तुटून पडतात. रात्री मात्र प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन चालू, त्यामुळे पाण्यात तो पुन्हा भरपूर साठतो. आयसोएटिस तेव्हा तो घेतं, मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवून ठेवतं आणि दिवसा दार लावून घरातलं खातं. निवडुंग पाणी वाचवायला जी पद्धत वापरतो, तीच ही, कॅम नावाची. पाण्यात बुडालेल्या झाडाला ती कशाला, म्हणून कुणी तिथे शोधलीच नव्हती. जॉन कीली यांनी १९८१मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंगामी डबक्यांमधल्या एका जातीत ती दाखवली. अँडीज पर्वतातली एक जात तर याहून पुढची. तिच्या पानांना रंध्रंच कामाची नाहीत, ती कार्बन डायऑक्साइड मुळांवाटे मातीतून ओढते.

२०२१मध्ये तैवानच्या जातीचा जीनोम, म्हणजे अख्खा जनुकसंच, प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कॅमसाठी लागणारं एक विकर जमिनीवरच्या झाडांत ज्या प्रकारचं असतं, त्याच्या जोडीला हिने एक वेगळा, जिवाणूंशी साम्य असलेला प्रकारही कामाला लावलाय. जनुकं दिवसाच्या कोणत्या वेळी जागी होतात, तेही निराळं.

डबे कातळावर बसून खाल्ले. ताईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आजींनी खाचरातून वर येऊन भाकरी आणि सुकटाची चटणी पुढे केली. श्रावण आहे म्हटलं तर म्हणाल्या, "श्रावण तुमचा, भूक आमची." मैत्रिणीने घेतली.

खाता खाता माझा नेहमीचा मुद्दा निघाला. आयसोएटिसला सगळीकडे 'जिवंत जीवाश्म' म्हणतात आणि मी स्वतः वर्गात तेच शिकवत आलेय. घराणं जुनं आहे यात वाद नाही. त्याची मुळं बघा: दोन-दोनमध्ये फाटत जाणारी, आत पोकळी आणि वाहिनी एका कडेला सरकलेली. लेपिडोडेन्ड्रॉनच्या मुळांचे जे जीवाश्म मिळतात त्यांची रचना हुबेहूब अशीच. पर्मियनच्या अखेरचा महाविनाश २५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर ट्रायासिकमध्ये प्ल्युरोमिया नावाची याच गोतातली वनस्पती जगभर फोफावली होती. कच्छच्या खडकांतही याच कुळाचे जीवाश्म आहेत. आम्ही बसलो होतो तो दख्खनचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे घराणं कातळापेक्षा कितीतरी जुनं.

पण घराणं जुनं म्हणजे समोरचं झाड जुनं, असं होत नाही. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने असं मांडलं की आज हयात असलेल्या जाती सेनोझोइकमध्ये, म्हणजे गेल्या साडेसहा कोटी वर्षांतच वेगळ्या होत गेल्या. काहींचे अंदाज याहून जुने आहेत, वाद चालू आहे. तरी माझं मत पक्कं झालंय. शिवाय यांच्यात संकर होतात, गुणसूत्रांची मूळ संख्या ११, पण दुप्पट, तिप्पट, चौपट संच असलेली झाडं सापडतात. जे झाड गुणसूत्रांचे संच असे वाढवत बसलंय, ज्याने दर उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्यात तगायची पद्धत बसवलीय, त्याला संग्रहालयात बसवणं हा आपला आळस. पुढच्या वर्षीपासून 'जिवंत जीवाश्म' हे दोन शब्द मी फळ्यावर अवतरणचिन्हात लिहिणार.

जाणाऱ्यांसाठी: जुलैचा शेवट ते सप्टेंबर ही वेळ. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ब्लेड आणि एक पांढरी बशी न्या, बीजाणू बशीत चटकन दिसतात. एका झाडाचं एकच बाहेरचं पान काढा, गड्डा हलवू नका. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गमबूट घाला. जनावरं बसतात त्या पाण्यात लेप्टोची, म्हणजे जनावरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. पायाला जखम असेल तर उतरूच नका, आणि परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना डबक्याचं नक्की सांगा. परतीची लोकल संध्याकाळची मुंबईकडे जाणारी असेल तर बसायला मिळतं, उलट दिशेचे लोक डब्याला लटकलेले दिसतात आणि फार अपराधी वाटतं.

चौथा दिवस: मुलुंडची बाल्कनी

रात्री जेवताना कॅमची गोष्ट सांगितली तर भाचा म्हणाला, "मावशी, पण हे दिसणार कसं?" बाल्कनीत ताईची पानफुटीची कुंडी होती. म्हटलं, चल. बेंजामिन हाइने नावाचा एक जर्मन माणूस भारतात वनस्पतींचा अभ्यास करत होता. पानफुटीची पानं सकाळी आंबट लागतात आणि दुपारी बेचव, हे त्याने चाखून पाहिलं आणि पत्राने इंग्लंडला कळवलं. ते निरीक्षण १८१५मध्ये छापून आलं. रात्री आम्ल साठवण्याची ही गोष्ट आपल्याच अंगणातल्या झाडामुळे शास्त्रज्ञांच्या नजरेत आली.

सकाळी सहाला भाचा स्वतः उठला. ताई म्हणाली, शाळेसाठी कधी उठत नाही. पानाचा तुकडा जिभेला लावला: लिंबाइतका नाही, पण चांगलाच आंबट. पीएच पट्टीही लालसर गेली. दुपारी दोनला त्याच झाडाचं दुसरं पान घेतलं, पांचट. पट्टीचा रंगही बदलला होता. (तुम्ही करून बघणार असाल तर नुसतं जिभेला लावा आणि थुंका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, चावून गिळायची वस्तू नव्हे. आयसोएटिस तर चाखूच नका, त्या पाण्यामुळे.)

मधल्या वेळेत मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत बीजाणू बघून घेतले. महाबीजाणूवर तीन कंगोरे एका बिंदूत मिळतात आणि बाकी सगळीकडे बोथट उंचवटे. आयसोएटिस कोरोमंडेलिना असावी असं दोघींचं मत पडलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या मुलाने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या झाडावरून अठराव्या शतकातच जिला नाव दिलं ती. भारतात हीच सगळ्यात जास्त भेटते. पण साध्या सूक्ष्मदर्शकावर शिक्कामोर्तब करणं बरं नाही, म्हणून वहीत पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जाती अजून बाकी आहेत. त्यातली एक पुण्याच्या टी. एस. महाबळे यांनी १९३८मध्ये वर्णन केली, दुसरी पाचगणीच्या टेबललँडवरची, शेंडे यांनी १९४५मध्ये. सप्टेंबरात आमच्या घटक चाचण्या असतात, पण दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस निघतील असं दिसतंय. मैत्रिणीची गाडी आहे, दोन जागा रिकाम्या आहेत. घोड्यांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आत, पहाटे सहाला टेबललँडवर पोहोचायची तयारी असेल त्यांनीच विचारावं.